स्वस्त तिकिटाचा हिशेब



लंडनला नोकरीला असलेला माझा भाचा सुट्टीत मुलाबाळांसह मोटारीने पॅरिसला निघाला आहे. मोटार बोटीत घालून खाडी ओलांडायची. फोनवर म्हणाला, "मामा, सगळ्यात स्वस्त बोट कोणती धरू?"

म्हटले, नुसते तिकीट पाहू नकोस. डोव्हरहून कॅले दीड तासात येते, पण पुढे पॅरिस सुमारे ३०० किलोमीटर. न्यूहेवनहून दिएपला चार तास लागतात, पुढचा रस्ता मात्र सुमारे २०० किलोमीटरच. पेट्रोल, टोल, चहापाणी धरून मग बेरीज कर.

आणखी एक रकाना मांड. मार्च २०२२ मध्ये पी अँड ओ फेरीज कंपनीने सुमारे ८०० खलाशांना पूर्वसूचना न देता घरी बसवले. बदली माणसांना तासाला सरासरी साडेपाच पौंड. ब्रिटनचे किमान वेतन तेव्हा ८.९१ पौंड! कंपनीच्या प्रमुखानेच हे पार्लमेंटच्या समितीपुढे कबूल केले. संघटनांनी आवाज उठवला, २०२३ मध्ये खलाशांच्या वेतनाचा कायदा झाला.

तेव्हा बोटीवरच्या माणसाला पगार काय मिळतो, हेही विचार. अपुऱ्या मजुरीत घर कसे चालते, हे तुझ्या आजीने पाहिले आहे. दुसऱ्याच्या पोटातून काढलेली बचत आपल्या वहीत जमा धरू नये.