लामाच्या डोंगरावरचा वर्षावास



आषाढ पौर्णिमा जवळ आली की आपल्या मंडळात दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो : या देशात वर्षावास पाळावयाचा कसा? महाराष्ट्रात त्याचे उत्तर शोधावे लागत नाही. पाऊस सुरू होतो, विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन लागते आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्तीतील लहानथोर तेथे जमत राहतात. येथे तो रविवारच्या एका तासात, संगणकाच्या पडद्यावर मावतो. यंदा काही कुटुंबांनी असा प्रस्ताव मांडला आहे की, वर्षावासातील चार दिवस न्यू मेक्सिको राज्यातील ‘लामा फाउंडेशन’ या सर्वधर्मीय साधनाकेंद्रात मुलाबाळांसह घालवावेत. प्रस्तावाला विरोधही तितकाच झाला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांनी सगळ्या धर्मांच्या सामाईक छपराखाली जाऊन राहावे काय, असे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे. आम्हाला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे.

प्रथम त्या स्थळाविषयी. ‘लामा’ म्हटले की तिबेटी भिक्षू डोळ्यांपुढे येतो, पण येथे तसा संबंध नाही. लामा हे पायथ्याच्या एका लहान वस्तीचे नाव आहे, आणि स्पॅनिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ गाळ किंवा चिखल. टाओस या गावाच्या उत्तरेस सुमारे ३० किलोमीटरवर, सांग्रे दे क्रिस्तो पर्वताच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ८,६०० फूट उंचीवर ही जागा आहे. १९६७ साली स्टीव्ह व बार्बरा डर्की हे कलावंत दांपत्य आणि जोनाथन ऑल्टमन यांनी ती उभारली. मातीच्या कच्च्या विटांचे बांधकाम त्यांनी शेजारच्या टाओस पुएब्लो या मूलनिवासी गावातील लोकांकडून शिकून घेतले. कोणत्याही एका धर्माची दीक्षा तेथे लागत नाही. शुक्रवारी संध्याकाळी यहुद्यांचा शब्बाथ होतो, सूफींचा झिक्र होतो, बौद्ध पद्धतीचे मौनध्यानही होते. पुढे डर्की स्वतः मुसलमान झाले, नूरुद्दीन हे नाव घेतले आणि त्याच राज्यात अबिक्यू येथे ‘दार अल इस्लाम’ ही संस्था काढण्यात पुढाकार घेतला. तेथील मातीची मशीद इजिप्तचे विख्यात वास्तुविशारद हसन फती यांच्या आराखड्यावर बांधलेली आहे. सर्वधर्मीय केंद्राचा संस्थापक अखेरीस एका धर्मात स्थिरावला, ही गोष्ट आम्हाला विसंगत वाटत नाही. सगळे पाहून एक निवडणे हे बाबासाहेबांनीही केले. १९३५च्या येवल्याच्या घोषणेपासून १९५६च्या नागपूरपर्यंत त्यांनी त्यासाठी २१ वर्षे घेतली.

या डोंगरापर्यंत आपल्या ओळखीचा एक धागाही पोचतो. तेथे सॅम्युएल लुईस यांची कबर आहे. हे सॅन फ्रान्सिस्कोचे गृहस्थ १९७१ साली वारले. झेन साधना त्यांनी न्योगेन सेन्झाकी यांच्याकडे केली आणि सूफी मार्गाची दीक्षा हजरत इनायत खान यांच्याकडून घेतली. इनायत खान जन्मले बडोद्यात, १८८२ साली. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने तेथे संगीतशाळा चालविली. इनायत खान १९१० साली अमेरिकेकडे निघाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, त्याच सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन, भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला. एका संस्थानातून निघालेल्या या दोन वाटांपैकी एक सूफी संगीताची आणि दुसरी कोलंबिया विद्यापीठाची. दुसरीवरून चालत आलेली लेकरे आज पहिलीच्या टोकाशी जाऊन बसावीत काय, असा आपला वाद आहे म्हणा ना.

आक्षेपाला आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. रामदास या नावाने ओळखले जाणारे हार्वर्डचे माजी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड अल्पर्ट यांचे ‘बी हिअर नाऊ’ हे गाजलेले पुस्तक १९७१ साली याच केंद्रातून बाहेर पडले. त्यात देवादिकांची चित्रे आणि गुरुभक्ती भरपूर आहे, आणि त्यांच्या गुरूच्या नावाचे हनुमान मंदिर टाओसमध्ये आजही आहे. अमेरिकेतील ‘अध्यात्म’ बहुधा या मार्गाने आलेले असते. त्याला जात ठाऊक नसते, कारण ती त्याला कोणी सांगितलेलीच नसते. अशा ठिकाणी एखादा सद्‌भावी गोरा गृहस्थ हात जोडून आपल्याला म्हणणार की शेवटी सर्व धर्म एकच. बाबासाहेबांना हे मान्य नव्हते. त्यांच्या निधनानंतर शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या खंडातील लिखाण पाहावे : धर्म न्यायाच्या कसोटीला उतरतो काय, समाजाच्या उपयोगाला येतो काय, हे तपासल्याविना त्याला चांगले म्हणण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा सर्वधर्मीय केंद्रात जाणाऱ्या आपल्या माणसाने ही कसोटी घरी ठेवून जाऊ नये. आरतीला उभे राहू नये, प्रसादाला हात लावू नये आणि कोणी कारण विचारले तर शांतपणे सांगावे. मुलांसमोर सांगावे. आमच्या मते प्रतिज्ञा मोडण्याचे भय बाळगून दूर राहण्यापेक्षा परक्या सभेत त्या समजावून सांगता येणे अधिक मोलाचे आहे.

आता ऋतूंकडे वळू, कारण प्रस्तावाचे खरे बळ तेथे आहे. या केंद्राचे वर्ष दोन तुकड्यांचे असते. हिवाळ्यात बर्फ पडतो, कच्चा रस्ता कठीण होतो, आणि मोजके रहिवासीच डोंगरावर राहतात. कापडावर छपाई करून प्रार्थनापताका तयार करणे हा त्यांचा जुना गृहोद्योग. उन्हाळ्यात दार उघडते. सेवेसाठी आलेली माणसे तंबू ठोकून राहतात, शिबिरे आणि मौनसाधना चालतात, बांधकाम होते, बागेत भाजी लागते. मे आणि जून हे कोरडे, वाऱ्याचे आणि वणव्याचे महिने. ५ मे १९९६ रोजी होंडो खोऱ्यात पेटलेल्या वणव्याने सात हजारांहून अधिक एकर रान जाळले, त्यात या केंद्राच्या बहुतेक इमारती गेल्या. मधली घुमटाची वास्तू राहिली. माणसांनी डोंगर सोडला नाही. माती, लाकूड आणि गवताच्या पेंढ्या यांनी पुन्हा घरे बांधण्याचे काम पुढे अनेक उन्हाळे चालले.

जुलै लागला की मात्र त्या कोरड्या मुलखात पाऊस येतो. दुपारी ढग जमतात, गडगडाट होतो, तासाभरात ओढे भरतात. येथील हवामानखाते त्याला ‘मान्सून’ असेच म्हणते, आणि तो सप्टेंबरपर्यंत टिकतो. म्हणजे अमेरिकेत पंचांगाचा आणि पावसाचा वर्षावास जेथे जुळतो, अशा थोड्या मुलखांपैकी हा एक. विनयपिटकात वर्षावासाचे कारण अगदी व्यवहारातले दिलेले आहे. पावसात भिक्षू हिंडत राहिल्याने कोवळे गवत तुडवले जाते, बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली. तिच्यावरून तथागतांनी एका जागी राहण्याचा नियम केला. लोकांच्या तक्रारीतून जन्मलेला हा नियम निवासी अपार्टमेंटच्या वातानुकूलित खोलीत मुलांना शब्दांनी समजतो; ओल्या उतारावर, पायवाट सोडू नका असे कोणी सांगत असताना, तो निराळा समजेल.

विरोधाच्या चर्चेत एका ज्येष्ठ सदस्यांनी दुसराच मुद्दा काढला, आणि तो आम्हाला प्रतिज्ञांच्या मुद्द्याहून जड वाटला. या केंद्रात नोकर नसतात. सकाळी सगळे एकत्र बसतात, कामे वाटून घेतात, आणि पाहुण्यांनाही त्यांत वाटा असतो : भाजी चिरणे, भांडी घासणे, लाकडे फोडणे, स्वच्छतागृहे धुणे. काका म्हणाले, “आमच्या आईबापांनी ज्या कामातून सुटण्यासाठी गाव सोडले, त्याच कामाला मी नातवाला पैसे भरून पाठवू?”

सभेत कोणी लगेच बोलले नाही. या वाक्याला घाईने उत्तर देणे अनुचित आहे. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी मृत मांस खाणे आणि हलकी ठरवलेली वतनी कामे सोडण्यास सांगितले ते याच कारणाने, आणि आपली घरे त्या शब्दावर उभी राहिली. पण त्याच बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे. झाडू हातात आला म्हणून कोणी हीन होत नाही. तो जन्माने एकाच्याच हातात दिला गेला आणि दुसऱ्याला त्यातून जन्मानेच सूट मिळाली, तेथे हीनपणा निर्माण झाला. आज सॉफ्टवेअर कंपनीचा अधिकारी, उद्या निवृत्त प्राध्यापिका, परवा आपला नातू, अशी पाळी जेथे फिरते तेथे तेच काम निराळे होते. संघात हेच घडले होते. शाक्य राजपुत्रांनी आपला अहंकार मोडावा म्हणून उपाली न्हाव्याला आपल्या आधी दीक्षा द्यावयास लावली. सफाई करणारा सुनीत संघात आला. आणि कौशांबीच्या संघात जी प्रसिद्ध फूट पडली, तिचे मूळ कशात होते? शौचकूपातील भांड्यात उरलेल्या पाण्यात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनाही सामाईक स्वच्छतागृह सोपे गेले नाही!

काकांच्या नातवाने झाडू घ्यावा की नाही, हे काका आणि त्यांची सून ठरवतील. आम्ही एवढेच सुचवतो की त्याने तो घेतला तर शेजारी उभा राहून कोणता काका, कोणता डॉक्टर, कोणता पाहुणा तेच काम करतो आहे, हे त्याने पाहावे. आणि सुनीताची कथा त्याच दिवशी वाचावी. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो : आपल्या जयंतीच्या कार्यक्रमांत व्यासपीठावर कोण असते आणि स्वयंपाकघरात कोण असते, हे मोजून पाहण्यासारखे आहे.

जाणाऱ्यांनी टाओस पुएब्लोही पाहावा. तेथील मूलनिवासींचा पवित्र ‘ब्लू लेक’ १९०६ साली सरकारने राखीव वनात घातला. ६४ वर्षांच्या लढ्यानंतर १९७० साली तो सुमारे ४८,००० एकर भूमीसह त्यांना परत मिळाला. चवदार तळ्याची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलांना हा इतिहास परका वाटणार नाही. पुएब्लो हे राहते गाव आहे. काही धार्मिक विधींच्या काळात ते पाहुण्यांसाठी बंद असते, आणि लोकांची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत.

आमचा कौल जाण्याच्या बाजूने आहे. आपण जावे ते बौद्ध म्हणून, ‘सर्व एकच’ म्हणून नव्हे. सकाळी आपल्या तंबूंपाशी त्रिसरण-पंचशील व्हावे, संध्याकाळी ग्रंथवाचन. यजमानांनी आपल्या परंपरेचे काही सादर करण्यास सांगितले तर भीमगीत अवश्य म्हणावे, अर्थासह. अखेरच्या रात्री पवारणा करावी : वर्षावास संपताना भिक्षू एकमेकांस विनवीत की माझ्या वागण्यात काही दोष पाहिला, ऐकला वा शंकिला असेल तर सांगा. चार दिवस एका स्वयंपाकघरात काढल्यावर सांगण्यासारखे पुष्कळ साचलेले असेल.

आपली संमती वा असंमती आषाढ पौर्णिमेच्या वंदनेपूर्वी कळवावी. उंचीमुळे पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि पाणी भरपूर प्यावे. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी आधी डॉक्टरांना विचारावे. दुपारच्या पावसासाठी रेनकोट, आणि रात्रीसाठी जुलैतही स्वेटर लागतो. मुलांसाठी ग्रंथाच्या मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती बरोबर असाव्यात, प्लास्टिकच्या पिशवीत.

जय भीम. नमो बुद्धाय.