मैदान आमचे आहे!

चेन्नईत शिकणाऱ्या माझ्या मराठी विद्यार्थी बंधु-भगिनींनो, तुमच्या महाविद्यालयाच्या शुल्काची पावती एकदा डोळ्यांसमोर धरा. शिकवणी, प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा यांच्या खाली कोठेतरी जिमखाना किंवा क्रीडा असा एक रकाना बहुधा आढळेल. तो पैसा तुमच्या आईबापांचा आहे. कुणी सोयाबीन विकून तो उभा केला, कुणी दागिना गहाण टाकून, तर कुणी बँकेच्या हप्त्यांचे ओझे शिरावर घेऊन. त्याच्या मोबदल्यात तुमच्या पदरी काय पडते? आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी निवडलेल्या मूठभरांना प्रशिक्षक, गणवेश, प्रवासखर्च. आणि उरलेल्या शेकडोंना व्यायामशाळेच्या दाराला लटकणाऱ्या कुलपाचे दर्शन! मग संध्याकाळी खासगी जिमची महिन्याची फी भरायची, किंवा ती परवडत नाही म्हणून खाटेवर पडून मोबाइल चाळायचा. हा अन्याय नव्हे तर काय?

आणि या अन्यायाची किंमत केवळ रुपयांत मोजली जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरी २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत सर्वाधिक, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातील. त्याखालोखाल १,४१६ तमिळनाडूतील. ज्या मातीत तुम्ही जन्मलात ती आणि ज्या मातीत तुम्ही शिकता ती, दोन्ही त्या वर्षीच्या यादीच्या शिरोभागी होत्या. परप्रांत, परकी भाषा, गुणांची शर्यत, नोकरीच्या मुलाखतींची टांगती तलवार आणि घरच्यांना फोनवर रोज सांगायचे ते ‘मी मजेत आहे’! ‘एवढा भार ज्या मनावर लादता, त्या मनाला वाहणाऱ्या देहाची काळजी घेणे हे तुमचे कर्तव्य नव्हे काय?’ असा प्रश्न विद्यापीठांना विचारण्याची वेळ आली आहे.

व्यायाम ही रिकामटेकड्यांची हौस आहे, असे म्हणणारे आजही आहेत. त्यांना २०२४ चे ब्रिटिश मेडिकल जर्नल दाखवा. २१८ चाचण्या आणि १४ हजारांहून अधिक माणसे यांचा एकत्र अभ्यास करून संशोधकांनी निष्कर्ष काढला, की चालणे-धावणे, योगासने आणि शक्तिवर्धक व्यायाम नैराश्य हलके करतात. अर्थात ज्याचे दुखणे खोलवर गेले आहे त्याला डॉक्टर हवा, औषध हवे, समुपदेशक हवा. सूर्यनमस्कार घाल म्हणजे बरा होशील, असे त्याला सांगणे क्रूरपणाचे आहे. अशा मित्राला १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक लावून द्या, आणि तो बोलून होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.

शिक्षणाला व्यायामाची जोड देणे या शहराला नवे आहे काय? हॅरी क्रो बक या अमेरिकन शिक्षकाने १९२० मध्ये याच मद्रासेत शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. आज नंदनम येथे उभे असलेले वायएमसीए महाविद्यालय हे तिचेच रूप, आशियातील आद्य संस्थांत गणले जाणारे. आणि आपल्याकडे? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि १९१२ मध्ये खासबागचे कुस्ती मैदान पुरे केले. विद्यार्थ्याच्या डोक्यावर छप्पर घालणारा हात आणि लाल मातीचा हौदा खोदवणारा हात एकच होता! बहुजनांच्या पोराने पुस्तक उघडावे तशी छातीही रुंद करावी, कोणापुढे मान झुकवून उभे राहू नये, ही त्या राजाची दृष्टी होती. त्या परंपरेच्या वारसांनी बंद दारापुढून निमूटपणे परतावे?

गिंडीच्या जंगलातील आयआयटी मद्रास पाहा. आवारात चितळे आणि काळवीट मोकळे हिंडतात, मैदाने आहेत, झाडांच्या सावलीतले रस्ते आहेत. पहिल्या वर्षी एनसीसी, एनएसएस किंवा खेळांसाठीचे एनएसओ यांपैकी एकाची निवड करावी लागते. खेळ निवडणाऱ्याला त्या वर्षी मैदान चुकत नाही. परंतु ताण काय पहिल्या वर्षापुरता असतो? प्रकल्प, मुलाखती, पीएच.डी.ची लांबत जाणारी वर्षे पुढेच येतात, आणि नेमके तेव्हाच मैदान वेळापत्रकातून नाहीसे होते. तमिळनाडूचे शासन २०२३ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत आठ किलोमीटरचे आरोग्यपथ आखते, बेझंट नगरच्या किनाऱ्यालगत नागरिक त्यावर फुकट चालतात, मग कुंपणाच्या आतल्या विद्यार्थ्यालाच पहाटेचा एक तास का महाग व्हावा?

विद्यार्थ्यांनो, ही याचना नव्हे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मानसिक आरोग्य हे घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचे अविभाज्य अंग असल्याचे सांगितले, आणि शैक्षणिक संस्थांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली त्यांत खेळ व अन्य उपक्रमांना प्राधान्य द्यावे असेही बजावले. कायदा तुमच्या पाठीशी आहे. उणीव आहे ती तुमच्या एकीची. एकटा विद्यार्थी कार्यालयात गेला तर त्याला ‘अर्ज ठेवून जा’ म्हणतात. दोनशे सह्या गेल्या तर खुर्ची पुढे सरकवतात.

तेव्हा याच आठवड्यात निवेदन लिहा. रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेसहाला एकेक तास व्यायामवर्ग, तोही शुल्काविना. शिकवणारा प्रशिक्षित असावा, कुणा सिनियरच्या गळ्यात घातलेली बिगार नको. निवड चाचणी नको, हजेरीचे गुण नकोत, कारण ज्याला दोरीवरची एक उडी जमत नाही त्याच्यासाठीच हा वर्ग आहे. मुलींच्या वसतिगृहाची वेळ आड येत असेल तर वेळ बदला, वर्ग नव्हे. मैदानावर पुरेसे दिवे लावा. व्हीलचेअरवरील सहाध्यायासाठी बसून करायचे व्यायाम असावेत. तमिळ, तेलुगू, मल्याळी, हिंदी मित्रांच्या सह्या आधी घ्या, म्हणजे ही चार मराठी पोरांची कुरकुर आहे असे कुणाला म्हणता येणार नाही. आणि उत्तर येईपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी इडलीच्या रांगेत उभे राहण्याआधी वसतिगृहाच्या अंगणात जमा. आणि ज्या खोलीचे दार आठवडाभर उघडले नाही, ते ठोठावून आतल्या मित्रालाही सोबत घ्या.