वीकनेस आणि टेन्शन

मराठी भाषेत थकव्याला शब्दांचा तोटा नाही. माणूस दमतो, थकतो, शिणतो, गळून जातो. त्याचे अंग मोडून येते, पाय भरून येतात, हातांतले त्राण जाते. प्रत्येक शब्दाचा रंग निराळा. दमलेला माणूस घटकाभर टेकला की उठतो. शिणलेला रात्रीची झोप झाली की ताजातवाना होतो. गळून गेलेल्याला मात्र झोपही उपयोगी पडत नाही. इतकी श्रीमंत भाषा पदरी असताना दवाखान्याचा उंबरठा ओलांडला की आपल्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो, ‘वीकनेस’! आणि डॉक्टरांकडूनही उत्तरादाखल एकच शब्द येतो, ‘टेन्शन’! दोन परभाषी शब्दांची देवाणघेवाण होते, टॉनिकची बाटली लिहून दिली जाते आणि पुढचा नंबर पुकारला जातो.

तुम्ही म्हणाल, बाई, दिवाळी अंकात हे काय आजारपण काढून बसलात? चकल्या-करंज्यांचे बोला! वाचकहो, मी चकल्या-करंज्यांचेच बोलते आहे. त्या तळणाऱ्या हातांपैकी कितीतरी हात गळून गेलेले असतात, आणि ‘सणावाराची दगदग, दुसरे काय!’ म्हणून घरची मंडळीही गप्प असतात नि ती बाईही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. निम्म्याहून अधिक बायकांना एकाच वेळी टेन्शन कसे येईल?

अडचण अशी की ही सारी दुखणी एकमेकांची सोंगे घेतात. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथी असते. शरीराच्या कारभाराची गती ती ठरवते. ती मंदावली की माणूस सुस्तावतो, इतरांपेक्षा त्याला थंडी अधिक वाजते, कातडी कोरडी पडते, केस गळतात, पोट साफ होत नाही, मन उदास होते. शरीरातले लोह आटले की जिना चढताना धाप लागते, आणि केस इथेही गळतात. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, आणि आपल्या शाकाहारी घरांत ते सहज पडते, की हातापायांना मुंग्या येतात, विसराळूपणा येतो. थकवा तिन्हीकडे सामाईक. नुसत्या चेहऱ्याकडे पाहून यांतले कोणते खरे, हे धन्वंतरीलाही सांगता यायचे नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते.

माझ्यापुरते सांगायचे तर माझी पोटाची भाकरी आवाजावर आहे. तीन वर्षांपूर्वी तो आवाजच घोगरा होत चालला. तिसऱ्या तासाला शेवटच्या बाकापर्यंत तो पोचेना. पहिले डॉक्टर म्हणाले, “बोलणं कमी करा.” मराठीच्या प्राध्यापिकेला हा सल्ला म्हणजे सुताराला करवत ठेवून द्या म्हणण्यासारखा! दुसरे म्हणाले, “टेन्शन घेऊ नका.” तिसऱ्यांनी मान वर न करताच सांगितले, “अहो मॅडम, चाळिशीनंतर बायकांचं हे असं चालायचंच.” तिघांनीही गळ्याला हात लावला नाही की रक्त तपासायला सांगितले नाही.

बोलायला उसंत मिळत नाही, तेव्हा चौथ्या ठिकाणी मी अर्धा कागद लिहूनच नेला. निबंध तपासताना मी मुलांना सांगत असते, विशेषणे खोडा आणि काय घडले ते लिहा. त्याच नियमाने लिहिले: ‘जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात न थांबता जात होते, नोव्हेंबरपासून दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभी राहते. सहा महिन्यांत वजन पाच किलोंनी वाढले, जेवण तेवढेच. पंखा चालू असला की शाल लागते. आवाज दिवाळीपासून बसलेला, खोकला नाही. आईला थायरॉईडचा विकार होता.’ त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला, गळा चाचपला, घोट्यामागे हातोडी मारून पाहिली आणि टीएसएच व बी-१२ तपासायला लिहून दिले. मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते. ती थायरॉईडला कामाचा निरोप धाडते. तो निरोप म्हणजे टीएसएच. थायरॉईड ऐकेनाशी झाली की निरोपांचा तगादा वाढतो. या आकड्याची वरची मर्यादा साधारण साडेचार. माझा निघाला ३८. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली, आणि चार महिन्यांत शेवटच्या बाकावरची कुजबुज पुन्हा माझ्या आवाजाने थांबू लागली.

हे काही आजचे नवे ज्ञान नव्हे. लंडनचे विल्यम गल यांनी १८७३ साली अशा स्त्रियांची हकिकत वैद्यांपुढे मांडली, तेव्हा त्यांच्या जड झालेल्या जिभेची आणि घोगऱ्या आवाजाचीही नोंद केली होती. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका रुग्ण स्त्रीला टोचला. ती बाई पुढे २८ वर्षे जगली. आणि आपल्या मुंबईत? १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई इथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायका रक्तक्षयाने पांढऱ्याफटक पडत होत्या. त्या काय खातात, याचा विल्सबाईंनी कसून शोध घेतला आणि यीस्टच्या साध्या अर्काने त्यांचे रक्त सुधारता येते, हे दाखवून दिले. पुढे फॉलिक ॲसिड म्हणून जे ओळखले गेले, त्याचा माग असा ‘तू काय खातेस?’ या घरगुती प्रश्नातून लागला.

डॉक्टरांचीही बाजू आहे. बाहेर चाळीस माणसे खोळंबलेली, आणि थकव्याची कारणे शंभर. शिवाय हल्ली वजन वाढले की जो तो थायरॉईडकडे बोट दाखवतो. म्हणून आपण निदान घेऊन जाऊ नये, हकिकत घेऊन जावे. केव्हापासून, पूर्वी काय जमत होते, आता काय जमत नाही, घरात कोणाला हा विकार होता, पाळी कशी आहे, कोणती औषधे चालू आहेत, एवढे लिहावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही लिहा; त्यांनी थायरॉईडचा रिपोर्ट फसवा येऊ शकतो. ‘टेन्शन’ हा शब्द आलाच, तर नम्रपणे म्हणावे, “असेलही डॉक्टर, पण दुसरं काही नाही, हे तपासून घेऊ या का?” हिमोग्लोबिन ठीक असूनही थकवा जात नसेल तर फेरिटिनची चौकशी करावी; साठ्यातले लोह आधी संपते, हिमोग्लोबिन मागाहून उतरते. रिपोर्टची प्रत जपून ठेवावी. आणि सगळे आकडे ठीक आले तर तेही मानावे व दुसरे कारण शोधावे. जावेची गोळी आपणही घेऊन पाहू, हा उद्योग मात्र नको. थायरॉईडची गोळी गरज नसताना घेतली तर छातीत धडधड होते, हाडे ठिसूळ होतात.

भाऊबीजेला बहिणीकडे जाल तेव्हा ओवाळणी घालाच. पण तिला एकदा निरखून पाहा. ताट हातात धरताना ती टेकते का, गेल्या वर्षीपेक्षा तिचा आवाज बदलला आहे का? ती म्हणेल, “काही नाही रे, जरा वीकनेस आहे.” तुम्ही विचारा, “केव्हापासून?” आणि सुट्टी संपायच्या आत तिच्याबरोबर दवाखान्यात जाऊन बसा. ती आधी कशी होती, हे सांगणारा एक साक्षीदार डॉक्टरांनाही हवाच असतो.