विश्लेषण : टूर द फ्रान्स जिंकली, मग चर्चा वजनाची का?

३ ऑगस्ट २०२५ रोजी फ्रान्सच्या पॉलिन फेराँ-प्रेव्होनं महिलांची टूर द फ्रान्स सायकल शर्यत जिंकली. १९८५ पासून फ्रान्सच्या एकाही पुरुषाला ही शर्यत जिंकता आलेली नाही. त्यामुळे तिथं जल्लोष झाला. पण सोबतच वाद सुरू झाला तो तिच्या घटलेल्या वजनाचा.

पॉलिन कोण आहे?

ती मूळची गाजली क्रॉस-कंट्री माउंटन बायकिंगमध्ये. म्हणजे दगडधोंड्यांच्या कच्च्या वाटेवर, चढ-उतारांची साधारण दीड तासाची शर्यत. यात तिची ५ जगज्जेतेपदं आहेत. ऑलिंपिक पदक मात्र हुलकावणी देत होतं. रिओत तिनं शर्यत अर्धवट सोडली, टोकियोत ती दहावी आली. मधल्या काळात, २०१९ मध्ये, पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीवर शस्त्रक्रिया झाली. अखेर २०२४ मध्ये पॅरिसला तिनं सुवर्ण जिंकलं, तेही जवळपास ३ मिनिटांच्या फरकानं. त्यानंतर ती रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळली.

वजनाचा संबंध काय?

टूरआधी तिनं सुमारे ४ किलो वजन कमी केलं. चढावर किलोमागे किती ताकद लागते, यावर वेग ठरतो. समजा, ५५ किलोंची खेळाडू २७५ वॅट ताकद लावते, म्हणजे किलोमागे ५ वॅट. ताकद तीच ठेवून वजन ५१ किलो झालं, तर हा आकडा ५.४ होतो. डोंगरात हा फरक निर्णायक ठरतो.

मग धोका कुठे?

मेहनतीच्या मानानं खाणं कमी पडलं, तर पाळी थांबू शकते, हाडं ठिसूळ होऊ शकतात. हे पूर्णपणे आरोग्यदायी नाही आणि वर्षभर असं राहता येणार नाही, हे पॉलिननंही मान्य केलं. तिच्यामागे संघाचे आहारतज्ज्ञ होते. तिला पाहून जेवण कमी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीमागे कोण असेल?

नियम काय सांगतात?

स्पर्धेतल्या सायकलचं वजन किमान ६.८ किलो हवं, असा आंतरराष्ट्रीय महासंघाचा नियम आहे. सायकलपटूसाठी अशी मर्यादा नाही. स्की जंपिंगमध्ये उंचीच्या मानानं वजन फार कमी असेल, तर स्कीची लांबी कमी करावी लागते. म्हणजे बारीक होण्याचा फायदाच कापला जातो. सायकलिंगमध्ये असा नियम बसवणं सोपं नाही. पण तोवर ही जबाबदारी खेळाडूंवर आणि संघांवरच राहणार आहे.