भिंतीवरची पट्टी आणि हातातून जाणारी वर्षे

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात एखादे मूल वर्गात सर्वांत बुटके दिसले, की दोनच उत्तरे मिळतात. घरचे म्हणतात, ‘आमच्यात सगळे असेच.’ बाहेरचे म्हणतात, ‘कुपोषण.’ अनेकदा त्यातले एक खरेही असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. पण याच गर्दीत वाढीच्या संप्रेरकाची कमतरता असलेले मूल हरवते.

हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून स्रवते. दर चार ते दहा हजार मुलांमागे साधारण एकात ते कमी पडते. असे मूल बहुधा हडकुळे नसते. अंगाने भरलेले, चेहऱ्याने वयापेक्षा लहान, अभ्यासात इतरांसारखेच. फक्त उंची वाढत नाही. त्याला कितीही खाऊ घातले तरी फरक पडत नाही, आणि उंची वाढवण्याच्या जाहिरातीतल्या पावडरींनी तर नाहीच.

उपचार आहे. १९८५पासून हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार होते. ते बहुधा रोज इंजेक्शनने, काही वर्षे द्यावे लागते. लवकर सुरू झाले तर बरीच मुले आईवडिलांच्या उंचीला साजेशी उंची गाठतात. मात्र वयात येताना हाडांच्या टोकाची वाढीची कूर्चा मिटत जाते. ती मिटली, की कोणतेही औषध उंची वाढवू शकत नाही. इथे उशीर म्हणजे कायमचे नुकसान.

मग एवढ्या महागड्या आजाराचा शोध खेड्यात घ्यायचा कशाला, असे कोणी विचारेल. उत्तर सोपे आहे. जी मोजणी हा आजार पकडते, तीच थायरॉइडची कमतरता, गव्हाची असहिष्णुता आणि मुलींमधला टर्नर सिंड्रोमही पकडते. थायरॉइडची गोळी तर अगदी स्वस्त आहे.

मोजणीला लागते भिंतीवरची पट्टी आणि एक वही. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढते. पाचपेक्षा कमी वाढत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवे. अर्थात एकदा मोजून हे कळत नाही; दोन नोंदी लागतात, निदान सहा महिन्यांच्या अंतराने. अंगणवाडीत उंचीची नोंद होते. पुढे शाळेत प्रगतिपुस्तकातला उंचीचा रकाना पुष्कळदा अंदाजे भरला जातो आणि मागच्या वर्षीच्या आकड्याशी कोणी ताडून पाहत नाही. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे वाढ-तक्ते २०१५पासून उपलब्ध आहेत. ते शाळेच्या भिंतीवर का नसावेत?

शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, हे खरे. म्हणून मोजणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकाने करावी, शाळेने फक्त वही जपावी. संशयित मुलाला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवण्याची वाट ठरलेली असावी. निदान झाल्यावर औषधाचा खर्च मजुरी करणाऱ्या बापावर टाकून चालणार नाही. तो शासनानेच उचलायला हवा. औषध थंड ठेवावे लागते, म्हणून गावातल्या आरोग्य केंद्राचा लसींचा फ्रिज त्यासाठी खुला करावा.

‘वाढेल पुढे’ हा धीर मुलाला जरूर द्यावा. पण तो वहीतले आकडे पाहून द्यावा.