स्कॅनला पैसे कोण देणार?

रमजानमध्ये जकातीचे पैसे निघतात तेव्हा आजारी माणसांचे कागद घेऊन लोक दारात येतात. 'ऑपरेशनला मदत हवी' म्हटले की खिशात हात जातो. 'स्कॅनला हवी' म्हटले की कपाळावर आठी पडते. जुन्या नाशकात काय आणि मालेगावच्या मोहल्ल्यांत काय, मी हेच ऐकत आलो आहे: "चाचांच्या गालातली गाठ तर डोळ्यांनी दिसते, मग फोटो कशाला?"

तोंडाच्या कर्करोगात डोळ्यांना दिसते ते फार थोडे असते. गुटख्याने ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याच्या आत डॉक्टर बॅटरी मारून किती पाहणार? आपल्याकडे हा रोग जास्त करून गाल आणि हिरडीच्या खाचेत होतो, जिथे तंबाखूची चिमूट तासन्‌तास धरलेली असते. सीटी काढताना रुग्णाला गाल फुगवायला सांगतात. पोरखेळ वाटतो, पण त्या हवेमुळे गाल आणि हिरडी वेगळी दिसतात आणि रोग नेमका कुठून निघाला ते कळते. तो जबड्याच्या हाडात शिरला असेल तर हाडाचा अख्खा तुकडा काढावा लागतो. नुसता टेकला असेल तर बऱ्याचदा वरची कड काढून जबडा अखंड ठेवता येतो. त्या माणसाचे पुढचे चावणे, बोलणे, लोकांत बसणे यावर अवलंबून असते. आणि रोग कवटीच्या तळापर्यंत पोचला असेल किंवा मानेतल्या मोठ्या धमनीला वेढून बसला असेल, तर सहसा चाकू लावण्यात अर्थच नसतो. केमो-रेडिएशनचा विचार होतो. अशा माणसाच्या ऑपरेशनसाठी आपण वर्गणी काढत बसतो!

पण स्कॅन म्हणजे गैबी आरसा नव्हे. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तोंडाचा कर्करोग सुरुवातीचा, मानेत गाठ लागत नाही, असे 500 रुग्ण. ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, त्यांच्यातले 80 टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ आली तर बघू म्हणून थांबलेल्यांत 67.5 टक्के. तेव्हा 'सोनोग्राफी साफ आहे, मान कशाला कापता' असा वाद सर्जनशी घालणाऱ्या नातेवाइकांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

उलटही घडते. केमो-रेडिएशन संपल्यावर बारा आठवड्यांनी पेट-सीटी करून मान साफ दिसली, तर ऑपरेशन टाळता येते. ब्रिटनमधल्या 564 रुग्णांच्या अभ्यासात असे केल्याने जगण्यात काही कमी पडले नाही आणि बहुतेकांची मान चाकूपासून वाचली. म्हणून पेट-सीटी प्रत्येकाला, पहिल्याच दिवशी हवा असाही हट्ट नको. डॉक्टरांना सरळ विचारावे: डॉक्टरसाहेब, या स्कॅनने उपचारात काय बदलेल?

महात्मा फुले योजनेत कर्करोगाचे ऑपरेशन, केमो, रेडिएशन बसते, त्यामुळे आता खर्च उरला नाही असे वाटते. उपचार ठरण्याआधीच्या तपासण्यांसाठी मात्र अनेकदा घरचेच पैसे जमवतात आणि त्यात आठवडे जातात. जकात द्यायची तर माझ्या मते तिथे आधी द्यावी.

आणि पंचवटी एक्स्प्रेसने टाटाला निघताना पिशवीत नुसता रिपोर्टचा कागद नको, सीडीही घ्या. तिथले डॉक्टर चित्रे स्वतः बघतात.