खर्चाची वाटणी आणि नेतृत्वाचा मान

'नाटो' करारातील राष्ट्रांनी २०३५ पर्यंत आपल्या राष्ट्रीय उत्पादनाच्या पाच टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करावी, असे जून २०२५ मध्ये हेग येथे ठरले. स्पेनने तेथेही हरकत घेतली. युरोप आपल्या जिवावर निर्धास्त राहतो, ही अमेरिकेची तक्रार मात्र जुनीच आहे. युरोपातील अमेरिकी सैन्य निम्मे करावे, अशी सूचना सिनेटर मॅन्सफील्ड यांनी १९७१ सालीच मांडली होती. सिनेटने ती फेटाळली.

या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. १९४९ साली हा करार झाला तेव्हा युरोप युद्धाने खचलेला होता; आज तो संपन्न आहे. परंतु अमेरिकेने हा भार केवळ परोपकारबुद्धीने वाहिला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच्या मोबदल्यात तिला युरोपात लष्करी तळ मिळाले आणि निर्णयांत वरचष्मा लाभला. १९५० मध्ये आयसेनहॉवर यांची नेमणूक झाली तेव्हापासून युरोपातील सर्वोच्च सेनापतिपद अमेरिकनांकडेच आहे. शिवाय एकावरील हल्ला हा सर्वांवरील हल्ला मानणारे पाचवे कलम आजवर एकदाच, २००१ साली, लागू झाले आणि तेही अमेरिकेवरील हल्ल्यानंतर.

तेव्हा युरोपने आपला वाटा उचललाच पाहिजे. मात्र खर्चाचा वाटेकरी उद्या निर्णयाचाही वाटेकरी होऊ पाहील, हे वॉशिंग्टनने ओळखावे. भार इतरांनी वाहावा आणि हुकूम आपलाच चालावा, हे फार काळ जमणारे नाही.